मुक्काम बोटीवर, डायव्हिंग समुद्रात : वाचकांचे प्रश्न

लिव्हअबोर्ड म्हणजे डायव्हर मंडळींची मुक्कामाची बोट. पाच ते दहा दिवस तिच्यावरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि रोज तीन-चार वेळा टाकी पाठीवर घेऊन पाण्यात उतरायचं. या सहलीविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र कास्तकार आहोत. लहानपणापासून विहिरीत सूर मारतो, तळाशी बुडालेली कळशी एका दमात वर आणतो. हरभरा घरात आला की मार्चमध्ये थेट मालदीवची सात दिवसांची बोट घ्यावी का? (एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

थेट नको. महिना तुम्ही बरोबर निवडलाय. जानेवारी ते एप्रिल तिथं पाणी नितळ असतं. पण बोट ही शिकायची जागा नव्हे. मालदीवमधली चांगली ठिकाणं प्रवाळबेटांमधल्या खिंडींत आहेत. भरती-ओहोटीचं पाणी तिथून पुरात आलेल्या नाल्यासारखं वाहतं. म्हणूनच बऱ्याच बोटी ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि लॉगबुकात तीस ते पन्नास डाइव्हची नोंद मागतात.

आधी 'ओपन वॉटर' कोर्स करा. त्यात न थांबता २०० मीटर पोहावं लागतं (वेळेचं बंधन नाही) आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगावं लागतं. तरंगणं तुम्हाला सोपं जाईल. २०० मीटरची सवय मात्र वीस-पंचवीस फुटांच्या विहिरीत होत नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी २५ मीटरचा तरणतलाव असेल तर आठ लांबी सलग मारून बघा. कोर्सच्या शेवटी समुद्रात चार डाइव्ह होतात आणि १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी मिळते. पुढच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये पाच डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि होकायंत्रावर दिशा शोधणं हे दोन त्यात सक्तीचे. मग मर्यादा ३० मीटर होते, आणि मालदीवमध्ये पर्यटकांसाठी कायद्याची मर्यादाही तेवढीच आहे. शिकायला जवळचं ठिकाण म्हणजे तारकर्ली, तिथं एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. दुसरं अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. मालवणला पर्यटकांना हात धरून पाण्याखाली फिरवतात आणि फोटो काढून देतात, तो अनुभव छान असतो, पण त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कळशी काढताना तुम्ही दम कोंडून धरता. स्कूबात, म्हणजे टाकीतली हवा घेत केलेल्या डायव्हिंगमध्ये, दम कोंडणं जिवावर बेततं. कारण साधं आहे. रिकामी घागर पालथी धरून पाण्यात दाबली की आत कोंडलेली हवा आकसते. दहा मीटरवर ती निम्मी होते आणि वर आणली की पुन्हा घागरभर. विहिरीत तुम्ही छातीत वरची हवा घेऊन जाता, ती खाली आकसते आणि वर येताना मूळ मापावर येते. स्कूबात मात्र तुम्ही खालीच, तिथल्या दाबाची हवा छातीत भरता. दहा मीटरवर पूर्ण भरलेली छाती तशीच कोंडून वर आलात तर त्या हवेला दुप्पट जागा लागते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. यासाठी फार खोल जायला नको, पूर्ण भरलेल्या छातीनं दीड-दोन मीटर वर येणंही पुरतं. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा. नळी तोंडातून काढावी लागली तर बारीक बुडबुडे सोडत राहायचं. पट्टीच्या पोहणाऱ्यांना ही सवय मोडायलाच जास्त वेळ लागतो, शिक्षकाला हे आधीच सांगून ठेवा.

कानाचंही तसंच. विहिरीत कान दुखला तरी दोन सेकंदांत वर येता. इथं पाऊण तास खाली राहायचं असतं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी, आणि पहिल्या काही मीटरांत दर अर्ध्या मीटरला. सर्दी असेल त्या दिवशी उतरायचं नाही.

अनुभव का हवा, तेही हिशेबात पाहा. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची, त्यात २०० बार दाबानं हवा (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं, म्हणजे वापरायला १५० बार, ११ लिटरच्या टाकीत १,६५० लिटर हवा. शांतपणे श्वास घेणाऱ्याला वर मिनिटाला सुमारे १५ लिटर हवा लागते. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून ४५ लिटर. टाकी ३६ मिनिटं पुरते. घाबरलेला माणूस त्याच्या दुप्पट ओढतो आणि १८ मिनिटांत त्याचं काम आटोपतं. अशा वेळी पूर्ण गटाला वर यावं लागतं.

यंदा कोर्स, पुढच्या हिवाळ्यात अंदमानात वीस-पंचवीस डाइव्ह आणि त्यानंतर बोट, असा बेत करा.

प्रश्न : मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तिला डायव्हिंग शिकायचं आहे. शाळेच्या तपासणीत ती सिकलसेल वाहक निघाली होती. त्रास काही नाही. चालेल का? (एक आई, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

आपल्या पूर्व विदर्भात हा प्रश्न घरोघरी आहे, तुम्ही विचारलात हे बरं केलंत. सिकलसेलचा रुग्ण आणि वाहक यांत फरक आहे. रुग्णानं डायव्हिंग करू नये. शरीरात ऑक्सिजन कमी पडला, पाण्याचं प्रमाण घटलं किंवा थंडी वाजली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि डायव्हिंगमध्ये या तिन्ही गोष्टी घडू शकतात. वाहक बहुतेक वेळा निरोगी असतात, तरी त्यांनी डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये. शाळेतली सोल्युबिलिटी चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्तचाचणीचा रिपोर्ट हाती घ्या आणि डायव्हिंगचं वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. कोर्सच्या आरोग्य फॉर्मवर हे लपवू नका. दमा, फिट, मधुमेह, हृदयविकार यांनाही हेच लागू.

प्रश्न : एजंटनं पाठवलेल्या फोटोंत सगळ्या बोटी सारख्याच दिसतात. काय विचारून पक्कं करावं? (एक शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

पहिला प्रश्न रात्रीचा विचारा. सगळे झोपल्यावर जागा राहून फेऱ्या मारणारा माणूस आहे का? २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' ही डायव्हिंगची बोट पहाटे पेटली आणि खालच्या झोपायच्या खोलीतली ३४ माणसं गेली. गस्तीला कोणीच जागं नव्हतं. म्हणून केबिनपासून बाहेर पडायचे दोन वेगळे रस्ते आहेत का, हे विचारा आणि बोटीवर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी दोन्हींतून स्वतः चालून बघा. टॉर्च, कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावू नका.

मग विचारा : उपचारासाठीचा शुद्ध ऑक्सिजन किती तास पुरेल, एका गाइडमागे किती जण (प्रवाहात सहापेक्षा जास्त नकोत), आणि जवळचं रीकॉम्प्रेशन चेंबर (अंगात बुडबुडे झालेल्या डायव्हरवर दाबाखाली उपचार करायची खोली) किती तासांवर. नारिंगी सिग्नल फुगा, ज्याला एसएमबी म्हणतात, प्रत्येकाकडे हवा. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतानाच तो वर सोडायचा. इथं नेहमी एकच चूक होते : फुग्याच्या दोरीची रीळ पट्ट्याला अडकवलेली राहते आणि फुगा माणसालाही वर ओढतो. रीळ हातातच धरायची, अडकली तर सोडून द्यायची.

नायट्रॉक्स मिळतो का, तेही पाहा. त्यात ३२ टक्के ऑक्सिजन असतो, साध्या हवेत २१. नायट्रोजन कमी शोषला जातो, त्यामुळे रोज तीन-चार डाइव्ह करताना फार उपयोग होतो. पण त्याची खोलीची मर्यादा सुमारे ३४ मीटर, त्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरून झटके येऊ शकतात. टाकी दुसऱ्यानं तपासली असली तरी ऑक्सिजन मोजणारा ॲनालायझर स्वतः लावायचा, आकडा वाचायचा आणि मगच सही करायची.

थायलंडच्या सिमिलान बेटांचा विचार असेल तर ते राष्ट्रीय उद्यान मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंद असतं, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : तारकर्लीला रविवारी सकाळी दोन डाइव्ह करून दुपारीच आंबोलीमार्गे गावी निघालो तर? सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे. (एक वाचक, ता. तिरोडा, जि. गोंदिया)

सोमवारची रजा टाका. पाण्याखाली शोषलेला नायट्रोजन तासन्‌तास अंगात राहतो. उंचीवर हवेचा दाब घटला की त्याचे बुडबुडे होतात. विमानासाठीचा नियम असा : एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर किमान १८. बोटीवरून परतताना आम्ही २४ तास सांगतो, म्हणून शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि हे नियम साधारण ६०० मीटरपासून लागू होतात. पर्याय आहे. कुडाळहून रात्रीची गाडी धरून मुंबईला या, हा रस्ता किनाऱ्याकिनाऱ्यानं येतो. मग सोमवारी सकाळनंतर विदर्भाची गाडी घ्या. कसारा घाट चढेपर्यंत १८ तास उलटलेले असतील.

डाइव्हनंतर सांधा ठणकणं, मुंग्या येणं, कारण नसताना थकवा जाणवला तर चोळणं-शेकणं नको, शुद्ध ऑक्सिजन आणि डॉक्टर.

प्रश्न : स्वतःचं सामान काय घ्यावं? मला चष्मा आहे. (एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) स्वतःचे घ्या, बाकी भाड्यानं. सगळा संच बारा-चौदा किलो भरतो आणि देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच चालतं. नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात. वस्तू पाण्याखाली तशाही एक चतुर्थांश जवळ दिसतात, म्हणून सौम्य नंबर असेल तर त्यांच्यावाचूनही भागतं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. मालदीवमध्ये दारू आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. विमा काढताना पॉलिसीत स्कूबा ३० मीटरपर्यंत आणि चेंबरचा उपचार दोन्ही लिहिलेलं आहे ना, ते वाचा.

नव्या मास्कच्या काचेवर आतून सिलिकॉनचा न दिसणारा थर असतो. तो राहिला तर कितीही थुंकी लावली तरी काच धुरकटते. घरीच साधी पांढरी टूथपेस्ट बोटानं काचेच्या आतून गोल गोल घासा, धुवा, आणि असं तीन-चार वेळा करा.