टोकियोत खायचं काय: घरात एक मासेखाऊ, एक शाकाहारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलपासून टोकियोत नोकरी, तुम्ही चिकन-मासे खाता पण बीफ-पोर्क नको, पत्नी शाकाहारी, अंडं चालतं. रोजचं कसं भागेल आणि तिकडचं वेगळं काही खाऊन बघायचं तर काय?

विमानात बसण्याआधी एक गोष्ट घरात ठरवा: दाशी चालणार की नाही. दाशी म्हणजे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी (धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचे पातळ पापुद्रे) यांचा अर्क उतरवलेलं पाणी. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची गुंडाळी, सगळ्याच्या बुडाशी ती असते. डोळ्यांना मासा दिसत नाही आणि वाढणाऱ्यालाही तो मोजण्यासारखा वाटत नाही. पत्नीला दाशी चालत असेल तर अर्धं टोकियो मोकळं आहे. नसेल तर बाहेरच्या जागा मोजक्या, बाकी स्वयंपाक घरी. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणणारे महिनोन्‌महिने फ्रेंच फ्राइजवर काढतात.

हॉटेलात नुसतं ‘बेजितारियन’ म्हटलंत तर सॅलडवर हॅमचे तुकडे येऊ शकतात. एकेक पदार्थाचं नाव घेऊन सांगा: ‘निकू तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशी मो दामे देस’ (मांस-मासे खाता येत नाहीत, दाशीही नको). तुमच्यासाठी ‘बुता तो ग्यू वा ताबेरारेमासेन’ (पोर्क-बीफ खाता येत नाही). ही दोन्ही वाक्यं जपानी लिपीत मोबाइलवर ठेवा. गर्दीच्या वेळी तोंडी सांगण्यापेक्षा स्क्रीन दाखवलेली बरी.

पाकिटावरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. अंडं, दूध, गहू, सोबा (बकव्हीट), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे मोजकेच जिन्नस छापण्याची सक्ती आहे. बीफ, पोर्क, चिकन, जिलेटिन ऐच्छिक यादीत, आणि बोनिटो तर कुठल्याच यादीत नाही. म्हणून पाकिटावरची घटकांची पूर्ण यादी कॅमेऱ्याने भाषांतरून वाचा. ‘पोकु-एकिसु’ म्हणजे पोर्कचा अर्क, ‘राडो’ म्हणजे डुकराची चरबी. करीचे ठोकळे, बन-ब्रेड आणि वेफर्स या तिघांत हे हमखास निसटतं.

कोन्बिनीतली (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातली) ओनिगिरी, म्हणजे सारण भरलेला भाताचा गोळा, हा नोकरदाराचा डबाच. वेष्टनावर १, २, ३ आकडे असतात. टोकाची पट्टी खाली ओढत मागपर्यंत पूर्ण फाडायची, मग एकेक कोपरा बाजूला खेचायचा. नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा) दोन प्लास्टिकांच्या मध्ये असते, म्हणून कुरकुरीत राहते. क्रम चुकला की ती फाटून प्लास्टिकमध्येच अडकते आणि हातात नुसता भात येतो. तुम्हाला शाके म्हणजे सामन, किंवा त्सुना-मायो, म्हणजे मेयोनीजमधला ट्यूना मासा. पत्नीला उमे (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोम्बू, पण यांतही बोनिटोचा अर्क असू शकतो, तेव्हा मागची यादी वाचूनच घ्या.

घरच्या स्वयंपाकाची काळजी नको. इंद्रायणी-आंबेमोहर खाणाऱ्याला जपानी चिकट भात परका वाटत नाही. फोडणीच्या भाताला मात्र तो नको, गोळा होतो. अळकुड्या (सातोइमो), कमळकाकडी, भेंडी, कारलं, लाल भोपळा, मुळा सुपरमार्केटात मिळतात. मोयाशी म्हणजे मुगाचे लांब पांढरे कोंब, सगळ्यांत स्वस्त. पण उसळीला उपयोग नाही, पाणी सुटतं. पनीरच्या जागी आत्सुआगे, म्हणजे जाड तळलेला तोफू घ्या. उकळतं पाणी ओतून वरचं तेल काढलंत की रस्सा आत मुरतो. तूरडाळ, कणीक, हिंगासाठी टोकियोतले निशी-कासाई किंवा शिन-ओकुबो हे भाग गाठा. निशी-कासाई भारतीयांचं जुनं ठाणं आहे. तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

आता वेगळ्या पदार्थांकडे. पहिला नत्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, कारण तो स्वस्त आहे आणि शाकाहारीही. वरचं पातळ प्लास्टिक सोलायचं, दोन पुड्या बाजूला ठेवायच्या आणि आधी नुसतं घोटायचं, चाळीस-पन्नास वेळा, पांढरी तार फेसाळेपर्यंत. सॉस आधी ओतलात तर तार नीट धरत नाही. त्या सॉसच्या पुडीत बहुधा बोनिटो असतो. पत्नीने ती टाकून साधा सोया सॉस घ्यावा, मोहरीची पुडी चालेल. गरम भातावर, वर चिरलेली कांद्याची पात. वास पहिल्या दोन-तीन वेळा नकोसा होतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन कुणी घेत असेल तर मात्र नत्तो पूर्ण बंद. त्यातलं के जीवनसत्त्व औषध निकामी करतं.

दुसरा कोन्न्याकू. हा आपल्या सुरणाच्याच कुळातल्या कंदाचा. सुरणाला आपण चिंच-आमसूल लावतो. इथे कंदाच्या पिठात चुन्याचं पाणी घालून घट्ट वडी करतात. पाकीट उघडल्यावर माशासारखा वास येतो, पण मासा नसतो. हाताने तोडा (सुरीच्या गुळगुळीत कापावर मसाला बसत नाही), दोन-तीन मिनिटं उकळा, मग कोरड्या तव्यावर चुरचुर आवाज येईपर्यंत परता. पाणी न घालवता रश्श्यात टाकलात तर चव लागणारच नाही.

कच्चं अंडं भातावर खाता येतं. खोक्यावरची तारीख कच्चं खाण्यासाठीच असते. ती उलटली की शिजवून खायचं. कच्चं चिकन, तोरिसाशी, टोकियोत कुणी कितीही आग्रह केला तरी नको, कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे आठवडा वाया जातो. बीफचं कच्चं लिव्हर २०१२ साली आणि कच्चं पोर्क २०१५ साली हॉटेलांत बंदच झालं. बांगड्याच्या जातीतल्या कच्च्या साबा माशामध्ये आनिसाकिस ही अळी असू शकते. व्हिनेगर किंवा वासाबीने ती मरत नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्यावर मरते. खाल्ल्यानंतर काही तासांत पोटात असह्य कळ आली तर थेट दवाखाना गाठा, तिथे एंडोस्कोपीने अळी काढतात.

पत्नीला खरी मेजवानी हवी असेल तर कोयासान या बौद्ध मंदिरांच्या डोंगरावर एखाद्या मंदिरात एक रात्र मुक्काम करा. तिथल्या शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारी, जेवणात कांदा-लसूणही नसतो. तिळाचा गोमा-दोफू चाखायलाच हवा. आरक्षणाच्या वेळीच दाशी कोम्बू आणि शिताके मशरूमची आहे ना, एवढं विचारून ठेवा.