शब्दशंका : 'ड्रॅव्हिडियन' कुणाचा?

प्रश्न : आमच्या इमारतीत निम्मी घरं तमिळ. परवा गच्चीवर वाद रंगला : 'ड्रॅव्हिडियन' हा शब्द इंग्रजांनी घडवला का? तसं असेल, तर जुन्या 'पंचद्रविड' ब्राह्मणांत महाराष्ट्र कसा? आणि तिथे आहे, तर मराठी द्राविड भाषा का नाही?
— एक वाचक, माटुंगा

उत्तर : शब्द इथलाच, शेपूट तेवढं इंग्रजी. संस्कृतात 'द्रविड' हे देशाचं आणि लोकांचं नाव. मगधावरून मागध, तसं द्रविडावरून 'द्राविड' हे विशेषण. रॉबर्ट काल्डवेल या मिशनरी भाषाभ्यासकाने १८५६ साली दक्षिणी भाषांचं तौलनिक व्याकरण छापलं, तेव्हा हेच विशेषण उचलून त्याला '-इयन' जोडलं. म्हणजे विशेषणावर पुन्हा विशेषणाचा प्रत्यय. हसू नका, 'द्राविडी प्राणायाम' म्हणताना आपणही तेच करतो.

या भाषा संस्कृतोद्भव नाहीत, हे मद्रासमधला इंग्रज अधिकारी एलिस याने १८१६ मध्येच मांडलं होतं. काल्डवेलने त्यांना नाव दिलं, तेही कुमारिलभट्ट या जुन्या मीमांसकाच्या 'तंत्रवार्तिक' या संस्कृत ग्रंथातल्या उल्लेखाच्या आधाराने. तो उल्लेख मोठा गमतीचा आहे. द्राविड भाषेत भाताला 'चोर्' म्हणतात (आजचं तमिळ 'सोरु'), आणि संस्कृतवाले शेवटी स्वर चिकटवून त्याचा 'चोर' करतात!

'तमिळ' आणि 'द्रविड' बहुधा एकाच नावाची रूपं. पालीत 'दमिळ', संस्कृतात 'द्रमिड', 'द्रविड'. म-व आणि ळ-ड यांची अदलाबदल नवी नाही. ऋग्वेदात 'अग्निमीळे' (अग्निम् + ईळे), तर नंतरच्या संस्कृतात 'ईडे'. तमिळमध्ये शब्दारंभी जोडाक्षर येत नाही, तेव्हा 'द्र'मधला र संस्कृतातच शिरला असावा.

पंचद्रविड ही वाटणी भूगोलाची : विंध्याच्या उत्तरेचे गौड, दक्षिणेचे द्रविड. त्यात गुर्जरही येतात, आणि गुजरातीला कुणी द्राविड म्हणत नाही. भाषेचं कूळ पाहायचं तर अंक, सर्वनामं, क्रियापदाचे प्रत्यय तपासायचे. तमिळ 'ओन्रु, इरण्डु, मून्रु' आणि कन्नड 'ओंदु, एरडु, मूरु' एकमेकांना चिकटून आहेत. आपले एक, दोन, तीन संस्कृताकडे जातात. 'अण्णा', 'अक्का' असले उसने शब्द मोजत बसलं की फसगत होते.

खऱ्या द्राविड भाषा महाराष्ट्रात आहेतच, फक्त माटुंग्यापासून लांब : गडचिरोलीची माडिया, यवतमाळकडची कोलामी.