पिस्टन काढणे, घालणे, टाकणे आणि बसवणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयटीआयच्या पोरांसाठी कारच्या इंजिन कामाची छोटी मराठी पुस्तिका करायची आहे, त्यात पिस्टन काढून परत घालण्याच्या भागाला कुणीतरी "दट्ट्यांचे निष्कासन व पुनर्स्थापन" असं शीर्षक सुचवलंय, आणि इकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात बघावं तर सगळे मिस्त्री "पिस्टन टाकणे" म्हणतात, मग टाकणे म्हणजे फेकून देणे नव्हे का, आणि यातलं बरोबर मराठी कुठलं?

माझं उत्तर: "पिस्टन काढणे आणि परत बसवणे". दट्ट्या नको, निष्कासन तर अजिबात नको, आणि टाकणे चांगला शब्द आहे पण या जागी नको. का ते सांगतो.

दट्ट्या हा काही कुणी टेबलावर बसून बनवलेला शब्द नाही. पिचकारीचा दट्ट्या, इंजेक्शनच्या सिरिंजचा दट्ट्या घराघरात म्हणतात, कामासाठी कुणाच्या मागं दट्ट्या लावतात तोही हाच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आणि मराठी विश्वकोशातही पिस्टनला दट्ट्याच म्हटलंय आणि वायूचा दाब समजावताना तो छान चालतो. पण तुमचा वाचक उद्या काउंटरवर जाऊन "वीसचे पिस्टन द्या" म्हणणार आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा २० थाउ मोठे (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ०.५ मिलिमीटरच्या आसपास. तिथं दट्ट्या मागितला तर माणूस सिरिंजच डोळ्यापुढं आणणार. आणि पिस्टन हा शब्द आपल्याला अगदीच परका आहे असंही नाही हां. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, फ्रेंचमध्ये इटालियनमधून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनचं कुटणं-कांडणं या अर्थाचं क्रियापद आहे. त्याच लॅटिन क्रियापदाचा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृतचा पिष् धातू, पिष्ट त्यातलंच, आणि पिष्टावरनं आपलं पीठ. म्हणजे गिरणीतलं पीठ आणि बोअरमधला, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीतला, पिस्टन लांबचे का होईना पण भाऊबंद आहेत, मला तर हे फार आवडतं.

आता खरा मुद्दा. कोल्हापुरात ऑइल इंजिनं बनली, नदीकाठच्या पाणी उपसायच्या इंजिनांची दुरुस्ती कैक वर्षं उद्यमनगरानं केली, त्या सगळ्यात नावं बहुतेक इंग्रजी राहिली, पिस्टन, रिंग (पिस्टनवरची कडी), क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो खालचा दांडा), लायनर, पण क्रियापदं सगळी मराठी, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. आपली तांत्रिक मराठी तिथं आहे. नावाला प्रतिशब्द शोधण्यात आपण दिवस घालवतो आणि क्रियापद मात्र "करणे" लावून मोकळे होतो, "निष्कासन करणे", "स्थापन करणे", हे मला खटकतं.

बघा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) "उतरवतात", चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) "खोलतात", नट "सैल करतात", आणि पिस्टन "काढतात", तोही वरनं. कारच्या इंजिनात पिस्टन सहसा खालनं निघत नाही, क्रँक आडवी येते. मग बोअरच्या वरच्या टोकाला जी कड तयार झालेली असते, म्हणजे रिंगा जिथवर फिरतात तिथं बोअर झिजतो आणि त्याच्या वर न झिजलेला पट्टा आणि कार्बन राहतो, ती कड आधी "मारून घ्यायची", म्हणजे कापून सपाट करायची, नाहीतर रिंग तिथं अडकते आणि पिस्टनची खाच फुटते. पिस्टन पार खाली आणायचा, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि त्याची कॅप यांच्यावर सिलिंडरचा नंबर टाकायचा (इथं बघा टाकणे कसं बिनधोक बसलं), कॅप काढायची, बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवायचे म्हणजे क्रँकला ओरखडा येत नाही, आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं खालनं "सारायचा". सारणे हा शब्द पुस्तिकेत जरूर घाला. ढकलणे म्हटलं की जोर येतो, ठोकणे म्हटलं की पोरगं खरंच ठोकतं, सारणे म्हटलं की हात आपोआप हळू होतो.

आता टाकणे. मराठीत टाकणे दोन्हीकडं चालतं, कचरा टाक आणि चहात साखर टाक. गॅरेजात "पिस्टन टाकले" म्हणजे नवे आणून घातले, "रिंगा टाकल्या" म्हणजे नव्या रिंगा. फेकायचं असेल तर मिस्त्री "टाकून दिले" म्हणतो, त्या एका "देणे"नं सगळा अर्थ उलटतो, म्हणून बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही. पण तुमच्या पुस्तिकेत तेच पिस्टन परत जाणार आहेत, तिथं "पिस्टन टाका" लिहिलं तर वाचणारा नवे पिस्टन आणायला जाईल. जुनाच पार्ट परत जातो तेव्हा आपल्याकडं "घातला" म्हणतात, आणि तो नीट जागेवर गेला की "बसवला". घालणे ही नुसती कृती झाली, बसवणे यात तो बरोबर बसला हे आलं, म्हणून शीर्षकाला मी बसवणे धरतो.

फक्त बसणे जपून वापरा. "रिंगा बसल्या" म्हणजे बोअरला जुळल्या, चांगली गोष्ट, आणि "इंजिन बसलं" म्हणजे मात्र कामातनं गेलं. पुस्तिकेत शक्यतो "बसवला", "बसवून घ्या" अशीच रूपं ठेवा.

गजन पिनबद्दलही विचारलंय, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन. हा शब्द इंग्रजी गजियनचा आहे, तोही मुळात फ्रेंच. आपल्याकडं लोखंडी सळीला गज म्हणतात आणि ही पिनही गोल पोलादी, त्यामुळं ती गजावरनं आली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, पण "गजन पिन" असंच लिहा, पोरं तेच ऐकतात.

नमुना म्हणून बसवण्याचा भाग मी असा लिहीन: "रिंगा घालण्याआधी प्रत्येक रिंग नुसती बोअरमध्ये सरळ सारून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजच्या पातळ पट्टीनं मोजा, जुना ठोकताळा बोअरच्या दर इंचाला ३ ते ४ थाउ, पण नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. रिंगेवर खूण असेल ती बाजू वर. सगळ्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका, तीन रिंगा असतील तर १२० अंशांवर फिरवून ठेवा, नाहीतर कॉम्प्रेशन त्या वाटेनं गळतं. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण इंजिनाच्या पुढच्या अंगाला. बोअर, रिंगा आणि बेअरिंगला ऑइल लावा, रिंगा दाबून धरणारा रिंग कॉम्प्रेसर आवळा आणि दांड्यानं हळूहळू खाली सारा. मध्येच अडला तर थांबा, रिंग बाहेर आली असणार, जोर केला तर ती तुटेल. कॅप ज्याची त्याला, आणि नट टॉर्क पान्यानं आवळा. एकेक पिस्टन बसवला की क्रँक हातानं फिरवून बघा."

यात आवळणे आहे, त्याच्या जागी "घट्ट करणे" लिहू नका. नुसतं घट्ट म्हटलं की पोरगं अंगात असेल तेवढा जोर लावतं आणि आटे जातात, टॉर्क पाना हातात दिल्यावर "अमुक आकड्यापर्यंत आवळा" हेच बरोबर वाक्य.

आणि शेवटच्या पानावर "रनिंग-इन काल" असं जे योजलंय त्याच्याऐवजी "इंजिन मोकळं होईपर्यंत" लिहा. नव्या रिंगांचं इंजिन आधी टाईट असतं, मग मोकळं होतं, गिऱ्हाईकाला गाडी देताना मिस्त्री हेच सांगतो: "मोकळं हुईस्तवर लई रेस करू नगा."