मुलाला इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळायचंय, बारावी सोडू द्यावी का?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतो, स्ट्रायकर म्हणजे पुढे राहून गोल करणारा आहे. बाहेरगावची एक निवासी अकॅडमी म्हणते, 'शिक्षण थांबवा, दोन हंगामांत आयएसएलमध्ये नेतो.' फी मोठी आहे. मुलगा हटून बसलाय. काय करू? – एक वडील

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

बारावी सोडू देऊ नका. मात्र त्याचं फुटबॉलही थांबवू नका. सायन्सची प्रॅक्टिकल्स आणि सराव एकत्र जमत नसतील तर शाखा बदला किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा द्या. तिथे वर्षातून दोनदा परीक्षा होते, त्यामुळे सामने आडवे आले तरी वर्ष वाया जात नाही.

आता 'दोन हंगामांत आयएसएल'बद्दल. मुलाला शेजारी बसवून हा हिशेब करा. 2024-25 च्या हंगामात देशातल्या या सर्वात वरच्या लीगमध्ये 13 संघ होते. मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू चालतात, म्हणजे प्रत्येक संघात किमान सात भारतीय. तेरा साते एक्याण्णव. अख्ख्या देशातल्या मुलांसाठी पहिल्या अकरातल्या खात्रीच्या जागा एवढ्याच, आणि त्यांवर आधीच कोणीतरी खेळतंय. तिशी ओलांडलेले कितीतरी खेळाडू अजून भक्कम उभे आहेत.

त्यात तुमचा मुलगा स्ट्रायकर. परदेशी खेळाडूवर पैसे खर्च करताना क्लब बहुतेक वेळा गोल करणारा माणूस आणतात. त्या हंगामात सर्वाधिक 23 गोल केले ते मोरोक्कोच्या अलाएद्दिन अजराईने. भारतीयांमध्ये पहिला होता सुनील छेत्री, 14 गोल, वय चाळीस! छेत्रीबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याच्या मागून येणाऱ्या पोरांना त्या जागेवर खेळायला किती कमी मिळतं, तेही या आकड्यात दिसतं. म्हणून प्रशिक्षकांशी बोलून त्याला विंगवर (मैदानाच्या कडेने हल्ला) किंवा फुलबॅकलाही (कडेचा बचाव) खेळवून पाहा. सतराव्या वर्षी जागा बदलणं सोपं असतं.

आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा प्रवास मुलाला जरूर सांगा. जन्म 1990 चा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असं आय-लीगमध्ये, म्हणजे आयएसएलहून जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये, खेळत तो पुढे आला. 2019 च्या आयएसएल अंतिम सामन्यात जादा वेळेत गोव्याविरुद्धचा एकमेव गोल करून त्याने बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. बचावपटू! तुमच्याच गावचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. तोही तिथून थेट आयएसएलमध्ये गेला नाही. आधी इंडियन ॲरोज या होतकरू तरुणांच्या संघाकडून आय-लीग खेळला. कुठल्याही खेळाडूची कारकीर्द वाचताना क्लबच्या नावाआधी प्रत्येक हंगामापुढचा सामन्यांचा आकडा वाचायची सवय त्याला लावा. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून काढलेल्या हंगामापेक्षा खालच्या लीगमध्ये वीस सामने पूर्ण खेळलेला हंगाम या वयात कितीतरी जास्त शिकवतो.

ही नोकरी हंगामावर चालते, हेही त्याला कळू द्या. करार किती हंगामांचा, एवढंच हातात असतं. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार फिफाच्या नियमानुसार तीन वर्षांपेक्षा मोठा करता येत नाही. आणि कधी हंगामच अडकतो. जुलै 2025 मध्ये फेडरेशन (देशातलं फुटबॉल चालवणारा महासंघ) आणि आयएसएलचे आयोजक यांच्यातल्या हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटला नाही, म्हणून आयएसएल लांबणीवर टाकली गेली आणि काही क्लबांनी पगार थांबवले. करारपत्र हातात असलेले खेळाडू घरी बसून वाट पाहत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं. बारावीवर माझा जीव आहे तो याचमुळे.

अकॅडमीला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा. तुमचा संघ फेडरेशनच्या युथ लीगमध्ये खेळतो का? गेल्या हंगामात मुलांना किती स्पर्धात्मक सामने मिळाले? तुमच्याकडून किती मुलांनी कुठल्या क्लबशी करार केला? उत्तरात नुसते फोटो आणि आश्वासनं आली तर फी भरू नका. खऱ्या क्लबला मुलगा हवा असेल तर तो तुमच्याकडे पैसे मागणार नाही. आयएसएल क्लबांच्या युवा संघांच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा. हे संघ 2022 पासून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये खेळतात, आणि क्लबचे प्रशिक्षक आपली पोरं तिथेच पारखतात. जन्मदाखला आणि फेडरेशनची नोंदणी आत्ताच नीट करून घ्या. वयाच्या कागदांवरून निवड अडते तेव्हा फार हळहळ होते.

या मोसमात तो किती सामने खेळला, किती मिनिटं आणि कुठल्या जागेवर, हे एका कागदावर लिहून मला पाठवा. त्याच्याच हस्ताक्षरात. मग पुढच्या दोन वर्षांचं आपण तिघं मिळून ठरवू.