तलावाकाठच्या रिसॉर्टवर चार-पाच दिवस मासेमारीसाठी जायचंय, आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की सुट्टी चार-पाच दिवसांची आहे, गळ टाकायचा अनुभव जेमतेम आहे, सोबत घरची मंडळी आहेत आणि त्यांना माशांशी काही देणंघेणं नाही. आणि विचारलंय काय, तर चांगलं रिसॉर्ट कसं ओळखायचं. मला वाटतं इथेच क्रम उलटा झालाय. आधी कुठला मासा ते ठरवा, मग पाणी, मग आठवडा. रिसॉर्ट सगळ्यात शेवटी.

मी स्वतः पहिल्या खेपेला नेमकं उलटं केलं होतं. फोटोत लाकडी धक्का, त्यापुढे सोनेरी पाणी, खोलीच्या गॅलरीतून तलाव; झालं, बुकिंग केलं. पोहोचल्यावर कळलं की होड्या न्याहारीनंतर, म्हणजे नऊ वाजता सुटतात आणि पाचला परत द्यायच्या, कारण नंतर ऑफिस बंद. ऐन उन्हाळा. चार दिवस मी बरोबर त्याच वेळात पाण्यावर होतो जेव्हा मासे तोंड उघडत नव्हते. संध्याकाळी सहाला धक्क्यावर हात बांधून उभा, आणि समोर वीस फुटांवर मासे पाण्यावर उसळ्या मारतायत. हे दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मासा थंड रक्ताचा. बहुतेक माशांच्या अंगाचं तापमान पाण्याएवढंच असतं, त्यामुळे भूकही पाणी ठरवतं. ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो, आणि पकडून सोडला तरी मरण्याची शक्यता वाढते. बास आणि कार्प यांना त्याहून कोमट पाणी आवडतं. कॅटफिश उन्हाळ्यातल्या रात्रींचा गडी, त्याच्या मिशाच त्याचे डोळे. म्हणून 'चांगला महिना कुठला' याला एकच उत्तर नाही.

ऐन उन्हाळ्याचा घोळ मात्र समजून घ्या, कारण सुट्ट्या नेमक्या तेव्हाच असतात. पाणी सगळ्यात जड असतं 4 अंशांना. तापलं की हलकं होऊन वर राहतं. खोल तलावात त्यामुळे वर कोमट थर, खाली गार थर आणि मध्ये एक पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. पोहताना पाय अचानक गारठतात ना, तोच तो. या पट्ट्याखालच्या पाण्याला वरची हवा लागत नाही. तलाव गाळाचा, शेवाळाचा असेल तर तळाशी कुजणाऱ्या पाल्याने तिथला ऑक्सिजन संपत जातो. वरच्या पाण्याचीही चैन नसते: 10 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 25 अंशांना जेमतेम 8. मासा असा दोन्हीकडून कोंडला जातो आणि बऱ्याचदा त्या पट्ट्याच्या जरा वर येऊन थांबतो. 'खोल पाण्यात मोठा मासा' म्हणून तळाशी गळ सोडून बसणारे तिथे दिवसभर बसतात. होडीवर सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) असेल तर हा पट्टा पडद्यावर धुरकट रेघेसारखा दिसतो. गळ त्याच्या वर ठेवा.

तारखा तुमच्या हातात असतील तर थंडीनंतर पाणी कोमट होत असतानाचे किंवा उन्हाळ्यानंतर निवत असतानाचे दिवस निवडा. त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिल्या काळात बरेच मासे अंडी घालतात, तेव्हा त्या पाण्यात बंदी आहे का ते आधी बघा. परवाना, किमान लांबी, दिवसाला किती मासे ठेवता येतात, हे नियम पाण्यागणिक बदलतात; रिसॉर्टवाल्याच्या तोंडी शब्दावर न जाता जे खातं परवाना देतं त्याच्याकडून घ्या. दुसऱ्या काळात वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं, सगळा तलाव ढवळून निघतो, पाणी गढूळ होतं, कधी कुजका वासही येतो. त्या आठवड्यात मासे कुठेही असू शकतात, म्हणजे तुमच्या गळाजवळ नसतात. चंद्राच्या कला बघून तारखा ठरवणारे बरेच भेटतील. मी त्या फंदात पडत नाही, वारा बघतो. वारा ज्या काठावर येऊन आपटतो तिकडे पृष्ठभागाचं पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव ढकलले जातात, त्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. नवखे लोक नेमके निवाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकतात, कारण तिथे बसायला बरं वाटतं.

आता रिसॉर्ट. फोन करा, पण बुकिंगवाल्याशी बोलून थांबू नका; होड्या कोण बघतं ते विचारा आणि त्याला फोनवर बोलवून घ्या. पहिला प्रश्न: उजाडायच्या आत होडी मिळेल का, आणि अंधार पडेपर्यंत ठेवता येईल का? इथे 'बघू' असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा. मग तलाव नैसर्गिक आहे की धरणाचा ते विचारा. धरणाचं पाणी उतरत असेल तर मासे काठ सोडून आत जातात, आणि फोटोतला तो लाकडी धक्का चिखलात उभा असतो. पाणी चढत असेल तर नव्याने बुडालेल्या गवता-झुडपांत मासे चरायला येतात आणि काठावरूनही मजा येते. होडीला नांगर एक की दोन, हेही विचारा. क्षुल्लक वाटतं, पण एका नांगरावर होडी वाऱ्यात घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि दोरी सतत ओढली जाते.

शेवटी सहज विचारावं तसं विचारा: "गेल्या आठवड्यात काय लागलं, आणि कशावर?" ज्याला पाणी माहीत आहे तो सांगेल, "दोन दिवस काहीच नव्हतं, परवा पहाटे पाणवनस्पतींच्या कडेला गांडुळावर तीन लागले." जो म्हणेल "या हो, इथे सगळं मिळतं," त्याला धन्यवाद म्हणा आणि फोन ठेवा.

पैसे एकाच गोष्टीवर जास्त घालायचे असतील तर मोठ्या खोलीऐवजी पहिल्या सकाळी अर्धा दिवस वाटाड्यावर घाला. कुठे खडक आहे, कुठे जुना ओढा पाण्याखाली गेलाय, हे तो चार तासांत दाखवतो. त्या जागा फोनच्या नकाशावर टिपून ठेवल्या की उरलेले दिवस तुमचे.

सामान थोडंच न्या. साडेसहा-सात फुटांची मध्यम ताकदीची, दोन किंवा अधिक तुकड्यांची काठी, साधं स्पिनिंग रील (दोरी गुंडाळायची फिरकी), चार किलोच्या आसपास भार सोसणारी नायलॉनची दोरी. काठी कडक नळीत घालूनच न्या. माझ्या एका काठीचं टोक गाडीच्या दारात गेलंय, आणि तेही सुट्टीच्या पहिल्या तासात. गळांचे आकडे गोंधळात टाकतात: 10 नंबर हा 4 नंबरपेक्षा लहान, पण 1/0 च्या पुढे 2/0, 3/0 असे मोठे होत जातात. पाइकसारखा दातेरी मासा असेल तर गळाआधी वीतभर तार हवीच, दोरी तो सहज कापतो. पोलराइज्ड चष्मा घ्या. पाण्यावरची चकाकी गेली की तळातला खडक आणि कधी मासाही दिसतो. आणि डीट (DEET) हे रसायन असलेलं डासांचं औषध लावल्यावर हात धुऊनच पेटीला हात लावा. ते काही प्रकारचं प्लास्टिक विरघळवतं. रबरी आमिषांचा चिकट गोळा झालेला मी पाहिलाय.

निघायच्या आधी घरी दोन गोष्टींची सवय करा. एक, पालोमार गाठ. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या भोकातून, ओवायची, सैलसर साधी गाठ मारायची, उरलेल्या फाशातून अख्खा गळ पलीकडे काढायचा आणि मग आवळायची. आवळण्याआधी गाठ ओली करायची, थुंकीही चालते. कोरडी नायलॉन आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. मासा तुटून गेला की टोक बघा: कुरळं, पिळवटलेलं असेल तर गाठ सुटली, खरखरीत असेल तर दोरी खडकाला घासली.

दुसरी, रीलचा ड्रॅग. मासा जोरात ओढेल तेव्हा दोरी तुटण्याऐवजी रीलमधून सुटत राहावी, म्हणून हा ब्रेक. तो दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. म्हणजे चार किलोची दोरी असेल तर एक ते सव्वा किलोला सुटायला हवी. बॅगा तोलायचा हातातला काटा असतो ना, तो दोरीच्या टोकाला बांधा, कुणाला तरी काठी धरायला सांगा, हळूहळू ओढा आणि आकडा बघत बटण फिरवा. नवख्यांचे मोठे मासे निसटतात ते बहुतेक या बटणापायी: एकतर घट्ट आवळलेलं किंवा मासा पळताना घाबरून फिरवलेलं.

घरच्यांचं गणित वाटतं त्याहून सोपं आहे. तुम्ही उजाडायच्या आत जाता, न्याहारीला परतता, दिवसभर त्यांच्यासोबत असता, ऊन उतरल्यावर पुन्हा जाता. भांडण होतं ते माणूस दुपारीही पाण्यावर बसतो म्हणून, आणि दुपारी तसंही फारसं काही लागत नाही. मुलं असतील तर त्यांना मोठ्या माशाच्या नादी लावू नका. काठावरून छोटा गळ, त्यावर गांडुळाचा तुकडा आणि वर रंगीत फ्लोट. तो फ्लोट आधी थरथरतो, मग जरा आडवा होतो, मग एकदम नाहीसा होतो. बोटाएवढा मासा निघाला तरी मूल उड्या मारतं. अर्ध्या तासाने कंटाळलं तर सोडून द्या.

मासा सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा. मासा पटकन सुटतो, आणि गळ तुमच्या अंगठ्यात घुसला तरी दवाखाना न गाठता निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो. कल्ल्यात बोटं घालू नका. फोटो हवा तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा पाण्याबाहेर काढा. मग पाण्यात सरळ धरून ठेवा, शेपटीकडे हलकी पकड. आधी तो नुसता पडून राहतो, कल्ले उघडझाप करतात, मग हातात एकदम जोर जाणवतो. तेव्हा सोडा.

होडीत लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे. पाणी गार असेल तर पडल्यापडल्या दचकून श्वास आत ओढला जातो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याच्याही नाकातोंडात पाणी जातं. गडगडाट ऐकू आला की काठावर या, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. कार्बनची काठी वीज वाहून नेते. परतताना बूट, जाळी, बादली धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर एका तलावातले उपद्रवी जीव दुसऱ्या तलावात जातात. 1988 मध्ये उत्तर अमेरिकेच्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले, बहुधा जहाजांनी तोलासाठी भरून आणलेल्या पाण्यातून आलेले. पुढे तलावातलावांत पसरायला त्यांना लोकांच्या होड्या आणि बादल्याच उपयोगी पडल्या.

पोहोचाल त्या संध्याकाळी लगेच होडी घेऊ नका. सामान टाका आणि घरच्यांसोबत काठाने अर्धा तास चाला: कुठे बगळे उभे आहेत, कुठे बारके मासे घाबरून एकदम पाण्याबाहेर उडतात, वारा कुठल्या काठावर येतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे वाटाड्याला विचारायला चार प्रश्न तरी हाताशी असतील. आणि कुठला मासा हवाय, तलाव नैसर्गिक आहे की धरणाचा, महिना कुठला, एवढं खाली लिहा. आमिष काय न्यायचं ते त्यावरून सांगतो.