इंग्लंडला येताय आणि 'ती यादी' शोधताय?

तुम्ही विचारलंय, गंगापूर रोडचं घर भाड्याने देऊन जूनमध्ये रेडिंगला येतोय, मुलगी आठ वर्षांची; लहान मुलांवर अत्याचार करून शिक्षा भोगलेले लोक कुठे राहतात, ती यादी ऑनलाइन कुठे बघायची? नाही बघता येणार. तसं अमेरिकेत असतं. इंग्लंडमध्ये १९९७च्या कायद्यापासून नोंद होते, पण ती पोलिसांकडेच राहते.

यादी दिसत नाही म्हणून माणूस मोकाट नसतो. सुटल्यावर ३ दिवसांत पोलिसांकडे नाव-पत्ता द्यायचा, पुढे दरवर्षी. २०१२पासून बँक खातं, पासपोर्ट, परदेशवारी, शिवाय लहान मूल असलेल्या घरात १२ तास थांबणार असेल तर तेही. चुकवलं तर ५ वर्षांपर्यंत कैद. शिक्षा ३० महिने किंवा जास्त असेल तर नोंद बेमुदत. १५ वर्षांनी फेरविचाराचा अर्ज करता येतो.

तुमच्या कामाचा आहे 'साराज लॉ'. २०००मध्ये आठ वर्षांच्या सारा पेनचा खून झाला, आणि खुनी आधीच नोंदीत होता. २०११पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुठेही पोलिसांना विचारता येतं: शिकवणीचा सर, क्लबचा कोच, मैत्रिणीचा नवा जोडीदार. नाव घेऊन विचारायचं, अख्ख्या गल्लीचं नाही. धोका वाटला तर ज्याच्या हातात मूल आहे त्याला सांगतात, म्हणजे उत्तर तुम्हालाच मिळेल असं नाही. आणि मिळालं तर गुपचूप ठेवायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंत तर तुम्हीच अडकाल.

तपासणी आपलीही होते बरं. मुलाच्या वर्गाच्या सहलीला मदतनीस म्हणून जायचं होतं, तर इथल्या तपासणीत भारतातलं रेकॉर्ड दिसत नाही म्हणून शाळेने नाशिकचा पोलीस दाखला मागितला. पंचवटीच्या पत्त्यावर हवालदार गेला, शेजाऱ्यांच्या सह्या मागितल्या. सासूबाईंचा घाबराघुबरा फोन, "काय केलंस गं तिकडे?" दाखला येईपर्यंत सहल होऊन गेली. मुलगा बसच्या खिडकीतून बघत होता, मी गेटवर. अजून डोक्यातून जात नाही. तुम्ही इकडे यायला निघण्याआधीच दाखला काढून ठेवा.

पण नियम चुकीचा, असं मला म्हणवत नाही. माझ्या लहानपणी वाड्यात एक शिकवणीवाले होते. "त्यांच्याकडे एकटीने जायचं नाही," आई एवढंच म्हणायची. सगळ्या बायकांना ठाऊक होतं, चौकीवर कुणी गेलं नाही. आता भारतात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ने माहिती असेल तर कळवणं बंधनकारक आहे, २०१८पासून अशा गुन्हेगारांची देशपातळीवरची नोंदही आहे, तीही फक्त पोलिसांसाठी. तेव्हा काहीच नव्हतं, आणि ते मरेपर्यंत शिकवण्या घेत होते. आईला अजून विचारते, कुणीच का नाही गेलात? ती म्हणते, चहा टाकू का.

एकटेपणाचंही विचारलंत. होतो. पहिला हिवाळा काढा, मग कामं इतकी असतात की आठवत नाही.