जर्मनीत विनिमय विद्यार्थी म्हणून एक सत्र काढण्याचा अनुभव कसा असतो?

भारतातून एका सत्रासाठी जर्मन विद्यापीठात गेल्यावर नेमका काय फरक जाणवतो, असे आपण विचारले आहे. तिथे हिवाळी सत्र काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सर्वांत मोठा फरक परीक्षेत आहे. आपल्याकडे अंतर्गत गुणांचा आधार असतो. तिथे अनेक विषयांचा निकाल सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर ठरतो, आणि तिच्यासाठी मुदतीत स्वतंत्र नोंदणी केली नाही, तर सर्व तासांना हजर राहूनही सहसा परीक्षेला बसता येत नाही. श्रेणीही आपल्या सवयीच्या उलट असते: १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० अनुत्तीर्ण. त्यामुळे कोणते विषय मान्य होतील आणि श्रेणींचे गुणांत रूपांतर कसे होईल, हे आपल्या महाविद्यालयाकडून निघण्यापूर्वीच लेखी घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. रविवारी बहुतेक सर्व दुकाने बंद असतात, तेव्हा किराणा शनिवारीच आणावा.

हिवाळी सत्राचे वर्ग साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालतात आणि डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच सूर्य मावळतो. त्या दिवसांत घरची आठवण फार तीव्र होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अशा वेळी खोलीत एकटे जेवण्यापेक्षा वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात जेवावे, कारण माझ्या टिकलेल्या ओळखी वर्गात नव्हे, तर तिथेच झाल्या.